भूखंड क्रमांकाच्या आतलं गाव

‘उपग्रह शहर’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातली उपमा आता कुणाला टोचत नाही. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो आणि कक्षाही तो स्वतः ठरवत नाही. एखाद्या वस्तीला हे नाव द्यायचं म्हणजे ती कुणाभोवती फिरणार हे आधीच ठरवून टाकायचं. माणसाने पहिला कृत्रिम उपग्रह १९५७ साली आकाशात सोडला. नगररचनेत हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेला होता. लंडनसारख्या महानगराची गर्दी थोपवायची तर त्याच्या बाहेर, शेतजमिनीच्या पट्ट्यापलीकडे, बेताच्या आकाराची नवी गावं वसवावीत असा विचार एबेनेझर हॉवर्डने १८९८ मध्ये मांडला. पुढे त्या विचाराला जगभर जी अनेक पोरं झाली, त्यातलंच एक म्हणजे नवी मुंबई.

गंमत अशी की नवी मुंबईच्या कर्त्यांना हा शब्द मान्य नव्हता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. त्यांना मुंबईची झोपण्याची खोली बांधायची नव्हती. त्यांना हवं होतं मुंबईच्या तोडीचं, स्वतःचं काम आणि स्वतःची सत्ता असलेलं जुळं शहर. बेटाच्या दक्षिण टोकाकडे रोज सकाळी धावणारी माणसं दुसऱ्या दिशेलाही धावू लागतील, असा तो डाव होता. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन प्रकल्पाखाली आली आणि १९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला.

हा आराखडा मी एक लिखाण म्हणून वाचतो. त्यात एक निवेदक आहे, त्याची भाषा आहे, त्याला दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक लोक वाशी नाहीतर बेलापूरपासून सुरुवात करतात, कारण तिथे आराखडा बराचसा कागदावर होता तसा उतरला आहे. मला तो महाप्यावरून वाचून पाहायचा आहे. महापे नावाचा नोड आराखड्यात नाही, महापे नावाचं रेल्वे स्टेशन नाही. तरी रोज सकाळी हजारो माणसं महाप्याला कामाला येतात.

आधी आलेला रस्ता

महापे हे पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतलं गाव. या पट्टीतली वस्ती मुख्यतः आगरी आणि कोळी. खालच्या अंगाला खाजण, मिठागरं आणि मासेमारी, वरच्या अंगाला भातशेती, त्याच्या वर डोंगर आणि डोंगरात आदिवासी पाडे, अशी इथल्या जगण्याची उतरती रचना होती. सिडको जन्मायच्या आधीच या रचनेच्या मधोमध ठाणे-बेलापूर रस्ता आणि कारखाने आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झाली आणि तिने या पट्ट्यात ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे टीटीसी, नावाचं औद्योगिक क्षेत्र आखलं. नोसिलसारखे मोठे रासायनिक कारखाने साठच्या दशकातच या रस्त्यावर उभे राहिले. दिघ्यापासून थेट तुर्भे-नेरूळपर्यंत रस्त्याच्या पूर्वेची बहुतेक सपाट जमीन कारखान्यांच्या भूखंडांत वाटली गेली. महापे त्या वाटपाच्या ऐन मध्यावर आहे.

हा क्रम महत्त्वाचा आहे. नव्या मुंबईच्या आराखड्याला जे सगळ्यात अवघड वाटत होतं, म्हणजे मुंबईबाहेर रोजगार निर्माण करणं, ते महाप्याच्या परिसरात आराखड्याच्या आधीच सुरू झालं होतं. १९५८ मध्ये नेमलेल्या बर्वे गटाने खाडीपलीकडे वस्ती नेण्याचा विचार मांडला, १९६५ मध्ये नेमलेल्या गाडगीळ समितीने त्याला प्रादेशिक नियोजनाची चौकट दिली. तज्ज्ञांचं हे सगळं चाललं होतं तेव्हा इथल्या शेतात कारखान्याच्या कुंपणाचे खांब रोवले जात होते. म्हणजे कोऱ्या कागदावर शहर काढायचं असा आराखड्याचा जो आव आहे, तो या पट्ट्यापुरता तरी खरा नाही. कागदावर आधी एमआयडीसीने लिहिलं होतं, आणि तिच्या आधी गावांनी.

पुढे एकाच जमिनीवर अनेक मालक बसले. एमआयडीसीचं संपादन १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखालचं, सिडकोचं नव्या शहराच्या प्रकल्पासाठीचं. १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिका आली. एमआयडीसीचं पाणी बारवी धरणाचं, महापालिकेचं मुख्यतः मोरब्याचं. कारखान्यांनी मालमत्ता कर कुणाला द्यायचा आणि त्यांच्यापुढचे रस्ते कुणी करायचे यावरची भांडणं कोर्टापर्यंत गेली. महाप्यातून शिळफाट्याच्या दिशेने चालत गेलं तर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी सरकारं असल्यासारखं वाटतं. शहर एक आहे असं मानणाऱ्या माणसाला यात अव्यवस्था दिसेल. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्रणेने आपापलं काम बऱ्यापैकी केलं आहे. एमआयडीसीने कामाच्या जागा केल्या, सिडकोने राहण्याच्या केल्या. या दोन्हींचं मिळून गाव करणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

आराखड्याचं भांडवल

आराखड्याच्या बाजूने आधी बोलायला हवं, कारण त्याच्यावर तुटून पडणं आता सोपं झालं आहे. तो मनापासून लिहिलेला आहे. एकाच मध्यवर्ती भागावर सगळा भार न टाकता बारा-पंधरा लहान केंद्रं करावीत, प्रत्येक केंद्रात शाळा, बाजार, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असावा, रेल्वे त्यांना मण्यांसारखी ओवत जावी, गरीब माणसालाही त्यात घर परवडावं, हा त्याचा हेतू होता. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळ इथे जे लहान लहान भूखंड आणि पायाभूत सोयी दिल्या गेल्या, त्यांत या हेतूचा अंश होता. माथाडी कामगारांना कोपरखैरण्यात घरं मिळाली तीही याच शहरात.

पण या शहराचा खर्च कुठून निघणार होता? सरकारकडे इतके पैसे नव्हते. उत्तर आराखड्याच्या मुळाशीच होतं: जमीन शेतीच्या भावात घ्यायची, तिच्यावर रस्ते, पाणी, वीज आणायची, मग शहराच्या भावात ती देऊन मधल्या फरकातून पुढचं शहर बांधायचं. शहराच्या वाढीचा फायदा खाजगी सट्टेबाजांच्या खिशात न जाता शहरालाच मिळावा, ही यामागची भूमिका होती आणि ती न्याय्य वाटते. फक्त हा फरक हवेतून येत नाही. शेतीचा भाव आणि शहराचा भाव यांच्यामधलं जे अंतर आराखड्याने भांडवल म्हणून धरलं, ते अंतर शेतकऱ्याच्या खात्यातून वजा झालं होतं. मुंबईच्या जमिनीच्या सट्ट्याला आवर घालण्याची किंमत, मुंबईशी काही देणंघेणं नसलेल्या भातशेतकऱ्याने मोजली. माझ्या दृष्टीने या लिखाणातला मुख्य दोष हाच आहे. तो सौंदर्यदृष्टीचा किंवा वाहतुकीचा दोष नाही; हिशेबाचा आहे.

हा हिशेब दि. बा. पाटील यांनी मांडला. शेतकरी कामगार पक्षाच्या या नेत्याच्या मागे ९५ गावं उभी राहिली. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. त्यानंतरच्या काळात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचं सूत्र आलं. या भागात ‘साडेबारा टक्के’ हा आता आकडा राहिलेला नाही, ते नाम झालं आहे: अमक्याला साडेबारा टक्के लागला, तमक्याने साडेबारा टक्के विकून टाकला. नगररचनेच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसलेला हा शब्द या शहराच्या लोकभाषेत सगळ्यात मोलाचा आहे, कारण आराखड्यात जे मूळ राहणारे अदृश्य होते ते या शब्दातून पुन्हा त्यात घुसले. २०२१ मध्ये नव्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून इथल्या लोकांनी मानवी साखळी केली तेव्हा बाहेरच्या अनेकांना तो नावाचा हट्ट वाटला. पन्नास वर्षं ज्यांच्या गावांची नावं सेक्टरच्या आकड्यांखाली गाडली गेली, त्यांना नावाचं महत्त्व इतरांपेक्षा जास्त कळतं.

अक्षरं आणि नावं

नावांच्या बाबतीत पोलंडमधल्या एका शहराची गोष्ट इथे उपयोगी पडते. कातोवित्सेच्या कोळसा पट्ट्यालगत तिही नावाचं एक लहान गाव होतं. तिथे सतराव्या शतकापासूनची दारूभट्टी होती, बाकी मोठं काही नव्हतं. कोळशाच्या धुराने आणि गर्दीने भरलेल्या सायलेशियातल्या कामगारांना राहायला जागा हवी म्हणून पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने १९५० साली तिथे नवं उपग्रह शहर वसवायचं ठरवलं. काझिमिएर्झ वेय्हर्ट आणि हान्ना आदाम्चेव्स्का-वेय्हर्ट या नवरा-बायकोने त्याची मांडणी केली आणि पुढची कित्येक वर्षं ती पुढे नेली. वसाहती ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखल्या जात. पुढे त्या अक्षरांना बायकांची नावं मिळाली: एची आन्ना झाली, बीची बार्बारा, सीची त्सेलिना, डीची दोरोता. नकाशावरचं कोरडं अक्षर माणसांनी घरातल्या नावासारखं करून घेतलं.

महाप्यात हा प्रवास नेमका उलटा झाला. इथे नाव आधी होतं आणि अक्षरं नंतर आली. एमआयडीसीच्या महापे भागातला पत्ता म्हणजे ए किंवा ईएल, पुढे एक आकडा. ईएल म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स झोन. कुरियरवाल्याला, पाहुण्याला, मुलाखतीला आलेल्या मुलाला हे अक्षर आणि हा आकडा सांगावा लागतो. त्या जमिनीच्या तुकड्यांना आधी नावं होती. कोकणपट्टीत प्रत्येक शेताला, बांधाला, खाजणाच्या उघाडीला नाव असतंच. ती नावं सात-बाराच्या जुन्या उताऱ्यांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. तिहीने अक्षराचं नाव केलं, आपण नावाचं अक्षर केलं. दोन्हीकडे शहर सरकारनेच केलं, त्यामुळे या फरकाचं खापर सरकार असण्यावर फोडता येत नाही. फरक पडला तो लोक तिथे राहायला आले की नाही यातून. माणूस रात्री जिथे झोपतो त्या जागेला तो नाव देतो. कामावर जायच्या जागेचा तो पत्ता लिहून घेतो.

तिहीतही सगळं नीट जुळलं नव्हतं. बरीच वर्षं ते खाणींवर आणि कारखान्यांवर जाणाऱ्या लोकांचं झोपण्याचं शहर होतं. १९७५ मध्ये मोटारींचा मोठा कारखाना आला तेव्हा गावातच काम मिळू लागलं. घरं आधी, कारखाना मागून. महाप्यात कारखाने आधी आले, आणि कामगारांची घरं आलीच नाहीत. टीटीसीच्या भूखंडांवर काम करणारा मजूर राहणार कुठे, या प्रश्नाचं उत्तर एमआयडीसीच्या नकाशात नव्हतं, आणि सिडकोच्या नोडमधलं घर कंत्राटी मजुराच्या आवाक्यातलं नव्हतं. नवी मुंबईतल्या झोपडपट्ट्यांचा नकाशा काढला तर त्या दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत एमआयडीसीच्या पट्ट्यातच का दिसतात, याचं हे साधं कारण आहे. उरलेली माणसं कल्याण-डोंबिवलीहून शिळफाट्याची कोंडी पार करत येतात, नाहीतर घणसोली-कोपरखैरण्यात उतरून रिक्षा पकडतात. तेही स्टेशन मिळायला २००४ साल उजाडावं लागलं, ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला तेव्हा.

ज्या जुळ्या शहराचं स्वप्न होतं त्याला मोठा धक्का दक्षिण मुंबईतच बसला होता. राज्याचा कारभार खाडीपलीकडे येईल या गृहीतावर आराखडा उभा होता. मंत्रालय हललं नाही, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहू दिले गेले. त्यामुळे पहिली अनेक वर्षं वाशी हे मुंबईत नोकरी करणाऱ्यांचं घर राहिलं. आपल्या हद्दीत खरोखर काम असलेला मोठा भाग म्हणजे टीटीसी, आणि त्याच्याकडे शहर म्हणून पाहावं असं कुणाला वाटलं नाही.

वाढणारं घर, कुणाचं?

चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला कलाकारांसाठी जी वसाहत केली ती जगभरच्या वास्तुकलेच्या पुस्तकांत आहे. मधल्या अंगणाभोवती सात-आठ घरांचे पुंजके, प्रत्येक घर स्वतंत्र, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. हेतू हा की कुटुंब वाढेल तसं घर वाढवता यावं. घर म्हणजे तयार वस्तू नाही, ते माणसासोबत मोठं होतं, हा कोरियांचा विचार मला त्यांच्या सगळ्या कामात सगळ्यात मोलाचा वाटतो.

आता हाच विचार घेऊन महापे गावठाणात या. गावठाणाची हद्द संपादनाच्या वेळी आखली गेली आणि त्याबाहेरची जमीन गेली. आत जितकी घरं होती तितकीच पुढेही राहतील असं त्या रेषेने गृहीत धरलं होतं. मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, भाऊ वेगळे झाले. घराला मागे खोली निघाली, वर मजला चढला, मग दुसरा, मग हद्दीबाहेरच्या मोकळ्या तुकड्यावर बांधकाम गेलं. या बांधकामांसाठी इथे एक ठरलेला शब्दप्रयोग आहे: ‘गरजेपोटी बांधलेली घरं’. ती कायम करण्याचे सरकारी निर्णय आले, बदलले, पुन्हा आले. बेलापूरला जे घर वाढलं त्याला वास्तुकला म्हणतात. महाप्यात जे वाढलं त्याला अनधिकृत बांधकाम म्हणतात. घर वाढण्याची गरज दोन्हीकडे एकच होती. एका ठिकाणी ती आराखड्यात लिहिलेली होती, दुसऱ्या ठिकाणी तिला लिहायला जागाच ठेवली नव्हती.

यात आणखी एक पदर आहे. या वाढीव खोल्यांत राहतं कोण? शेतं गेलेल्या अनेक कुटुंबांना भाडं हे नवं पीक झालं. एमआयडीसीतला मजूर, शिफ्टला जाणारी मुलगी, खानावळ चालवणारी बाई, बिहारहून किंवा मराठवाड्यातून आलेला मुलगा यांना परवडेल असं घर दोन मोठ्या सरकारी महामंडळांना देता आलं नाही. ते गावठाणांनी दिलं. आराखड्यातली सगळ्यात मोठी राहून गेलेली ओळ गावठाणांनी भरून काढली. ती फार सुंदर अक्षरात भरली असं मी म्हणणार नाही. गल्ल्या अशा की आगीचा बंब आत जाणार नाही, हवा-उजेड बेताचा, इमारतींच्या भक्कमपणाबद्दल शंका, आणि घरमालकी व गावकीचं राजकारण एकमेकांत असं गुंतलेलं की भाडेकऱ्याला आवाज नाही. दिघ्यात २०१५ नंतर न्यायालयाच्या आदेशाने बेकायदा इमारतींवर कारवाई झाली तेव्हा हजारो कुटुंबांचा संसार टांगणीला लागला. त्यात बांधणारे निसटले आणि विकत घेणारे अडकले. गावठाणाला पवित्र ठरवून हे प्रश्न सुटत नाहीत. पण त्याला शहरावरचा डाग समजणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं की हा ‘डाग’ पुसला तर उद्या सकाळी कारखान्यांत आणि कार्यालयांत झाडू मारायला, जेवण करायला, माल चढवायला कोण येणार आहे.

ज्यावर लिहिलं गेलं नाही

पोलंडमध्ये नोवा हुता हे दुसरं नवं शहर झालं. क्राकुफजवळ १९४९ साली सुपीक शेतजमिनी घेऊन पोलाद कारखान्यासाठी ते उभारलं. नव्या माणसाचं नवं शहर म्हणून सरकारने त्याचा भरपूर गाजावाजा केला. १९५५ मध्ये आदाम वाझिक या कवीने, जो स्वतः त्या राजवटीच्या बाजूचा होता, एका दीर्घ कवितेत या शहरातल्या माणसांची तुटलेली अवस्था मांडली आणि मोठी खळबळ उडाली. १९६० मध्ये चर्चसाठी राखलेल्या जागेवरचा क्रूस सरकारने काढायला घेतला तेव्हा तिथल्या बायका आडव्या आल्या आणि रस्त्यावर लढाई झाली. १९७७ मध्ये आंद्रेय वायदाने ‘मॅन ऑफ मार्बल’ या चित्रपटातून याच शहरातल्या एका गवंड्याची गोष्ट सांगितली: सरकारने आधी त्याला नायक केलं आणि मग विसरून टाकलं. सरकारी आराखड्यातून निघालेलं शहर तीस वर्षांत कविता, दंगा आणि सिनेमा यांचं झालं.

आपल्याकडे गिरणगावाला हे भाग्य लाभलं. नारायण सुर्वे तिथूनच बोलले, आणि गिरण्या बंद पडल्यावर जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकाने त्या घरांतली पडझड रंगमंचावर आणली. टीटीसीचा पट्टाही साठ वर्षांचा झाला. इथेही कारखाने आले, संप झाले, रासायनिक कारखाने बंद पडले, या शतकाच्या तोंडावर मिलेनियम बिझनेस पार्कसारखे आयटी पार्क आले, रात्रपाळीचे दिवे लागले. तरी महाप्यातलं एखादं पात्र मराठी वाचकाला चटकन आठवत नाही.

याचं खापर लेखकांच्या आळसावर फोडणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. गिरणगावात भोंगा आणि चाळ एकमेकांच्या कानाच्या अंतरावर होते. पाळी सुटली की माणूस त्याच गल्लीत यायचा. तिथे खानावळ, भजनी मंडळ, तालीम, युनियनचं ऑफिस, गणपती होता. एकत्र राबणारी माणसं एकत्र झोपत होती, म्हणून त्यांची एक भाषा तयार झाली, आणि भाषा तयार झाली की लेखक आपोआप निघतो. महाप्यात पाळी सुटली की कंपनीच्या बसा चार दिशांना जातात. ज्याच्या शेजारच्या यंत्रावर दहा वर्षं काम केलं त्याचं घर पाहिलेलं नाही, ही इथली साधी गोष्ट आहे. त्यात कामगार कंत्राटी; ठेकेदार बदलला की शेजारचं माणूस बदलतं. उपग्रह शहराने प्रवासाचा वेळ खाल्ला असं आपण म्हणतो. त्याने माणसांमधला शेजारही खाल्ला.

गावाकडे मात्र साहित्य आहे, फक्त ते छापलेलं नाही. आगरी लग्नात धवलारीण धवळे म्हणते तेव्हा तिच्या तोंडून कित्येक पिढ्यांचं भूगोलाचं आणि नात्यांचं भान येतं. हळदीच्या रात्री गावात जो आवाज असतो त्याला शेजारच्या सोसायट्या कंटाळतात, आणि कंटाळण्याचा त्यांना हक्कही आहे. पण हा समाज अजून एकत्र झोपतो, एकत्र जेवतो आणि म्हणून त्याच्याकडे सांगायला गोष्ट आहे. जमीन देणाऱ्यांकडे गोष्ट उरली आणि जमीन घेऊन उभ्या राहिलेल्या शहराकडे अजून ती तयार व्हायची आहे, हे मला या सगळ्यातलं विचार करण्याजोगं वाटतं. महाप्याची पहिली चांगली कादंबरी बहुधा गावठाणातल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत लिहिली जाईल, जिथे घरमालकीणबाईची आगरी आणि भाडेकऱ्याची परभणीकडची किंवा भोजपुरी बोली एकाच ओट्यावर भेटतात.

पुढचा भाडेकरू

गेल्या काही वर्षांत महापे, राबाडे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहत आहेत. बंद पडलेल्या कारखान्यांच्या मोठ्या जमिनी, वीज आणि समुद्राखालून येणाऱ्या केबलींपासूनचं बेताचं अंतर, अशी त्यामागची कारणं आहेत. आर्थिकदृष्ट्या ही प्रगतीच. फक्त डेटा सेंटर नावाच्या इमारतीला खिडक्या फारशा लागत नाहीत आणि माणसं तर फारच थोडी लागतात. रासायनिक कारखान्याने विषारी धूर दिला, पण शेकडो हातांना कामही दिलं. आयटी पार्कने निदान चहाच्या टपऱ्या जगवल्या. या नव्या भूखंडधारकाला वीज हवी, थंडावा हवा, सुरक्षारक्षक हवेत. शेजारी कोण राहतं याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही.

आराखड्याच्या टीकाकारांनी आजवर विचारलं की काम इथे आणि घर तिथे असं का झालं. उद्याच्या महाप्याबद्दल विचारायला हवं ते वेगळं आहे: जमिनीवर माणसाचं कामही नसेल आणि घरही नसेल, तर ती कुणासाठी घेतली होती? साठ वर्षांपूर्वी सार्वजनिक हितासाठी म्हणून ती घेतली गेली. सार्वजनिक हित म्हणजे तेव्हा कारखाना, पुढे कार्यालय, आता यंत्रांचं गोदाम. दर वेळी व्याख्या बदलली, भूखंडाचा भाव वाढला. गावठाणाची रेषा मात्र बदलायला आजही अर्ज, मोर्चा आणि सरकारी निर्णय लागतात. एमआयडीसीला एका भूखंडाचा वापर कागदावर बदलून देता येतो. तितक्याच सहजपणे महाप्यातल्या एका कुटुंबाच्या वरच्या मजल्याला मान्यता देता आली, आणि त्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कामगाराला पाणी, उजेड आणि सुरक्षित जिना मिळाला, तर आराखड्यातली चूक दुरुस्त व्हायला सुरुवात झाली असं म्हणता येईल. तोवर ईएल आणि ए या अक्षरांच्या जंगलात बसचा कंडक्टर ‘महापे गाव’ असं ओरडतो, आणि त्या हाकेवर अजून काही माणसं घरी जायला उतरतात.